ऑयलरचे अनुमान मोडणारे श्रीखंडे

२६ एप्रिल १९५९, रविवार. त्या दिवशीच्या 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्याच पानावर एक गणिताची बातमी झळकली. लिओनहार्ड ऑयलर या थोर गणितज्ञाने पावणेदोनशे वर्षांपूर्वी मांडलेले अनुमान चुकीचे ठरले होते. ते चुकीचे ठरवणारे तिघे होते : राजचंद्र बोस, शरदचंद्र शंकर श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर. सहकाऱ्यांनी या तिघांना गमतीने 'ऑयलरचा विचका करणारे' असे नाव दिले.

यांतील श्रीखंडे हे नागपूरच्या सायन्स कॉलेजचे विद्यार्थी आणि पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख. महाराष्ट्रात हे नाव जितके ठाऊक असावयास हवे, तितके ते नाही. म्हणून हा धागा.

प्रश्न ऐकावयास अगदी सोपा आहे. सहा पलटणी, प्रत्येकीतून सहा निरनिराळ्या हुद्द्यांचे सहा अधिकारी, असे एकूण ३६ जण. त्यांना ६×६ च्या चौरसात असे उभे करावयाचे की, कोणत्याही आडव्या वा उभ्या रांगेत एकच पलटण दोनदा येऊ नये आणि एकच हुद्दाही दोनदा येऊ नये.

जवळजवळ दृष्टिहीन झालेल्या ऑयलरने हा प्रश्न १७७९ साली सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे मांडला. निबंध छापून आला १७८२ मध्ये. ज्या चौरसात प्रत्येक चिन्ह प्रत्येक रांगेत नेमके एकदा येते, तो 'लॅटिन चौरस'. असे दोन चौरस एकमेकांवर ठेवल्यावर चिन्हांची प्रत्येक जोडी नेमकी एकदाच येत असेल, तर ते परस्परलंब. विषम आकाराचे आणि चारने भाग जाणाऱ्या आकाराचे असे जोड कसे रचावेत, हे ऑयलरने दाखवले. उरले २, ६, १०, १४, १८, २२... हे आकार. दोनचा चौरस अशक्य आहे हे कोणीही कागदावर पडताळून पाहू शकतो. सहाचा त्यालाही जमला नाही. म्हणून त्याने अंदाज केला की, या मालिकेतील एकाही संख्येसाठी असा जोड अस्तित्वात नाही.

१९०० च्या सुमारास गास्तों तारी या फ्रेंच हौशी गणितज्ञाने सर्व शक्यतांची हातानेच वर्गवारी करून सहाचा चौरस खरोखर अशक्य असल्याचे सिद्ध केले. ऑयलरचे पारडे जड झाले. त्यानंतर पीटरसन, व्हेर्निके, मॅकनीश अशा एकामागून एक गणितज्ञांनी संपूर्ण अनुमानाच्या 'सिद्धता' छापल्या. त्या साऱ्या सदोष होत्या. मोठ्या नावाच्या अनुमानाला पुरावे कसे आपसूक गोळा होत जातात, याचे हे नामी उदाहरण आहे.

हा केवळ कोड्याचा खेळ राहिला असता, तर कदाचित कोणी फारसे लक्ष दिले नसते. त्याला व्यवहारात आणले ते शेतीने. १९१९ पासून इंग्लंडच्या रोथॅमस्टेड कृषी संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर काम करू लागला. एकाच शेताचा एक कोपरा कसदार, दुसरा निकस. मग खतांची तुलना न्याय्य कशी व्हावी? फिशरने वाफे लॅटिन चौरसाप्रमाणे आखले. प्रत्येक खत प्रत्येक रांगेत एकदा, प्रत्येक स्तंभात एकदा. जमिनीचा पक्षपात बराचसा आपोआप वजा होतो.

हीच गोष्ट कारखान्याच्या भाषेत पाहू. अंबरनाथ किंवा बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या रासायनिक कारखान्याची कल्पना करावी. उत्पादन चार बाबींवर अवलंबून आहे : तापमान, वेळ, उत्प्रेरकाचे प्रमाण आणि घुसळण्याचा वेग. प्रत्येकीच्या तीन पातळ्या तपासावयाच्या आहेत. सर्व शक्यता झाल्या ८१. प्रत्येक चाचणीला कच्चा माल लागतो आणि एक पाळी खर्ची पडते. ८१ चाचण्या कोण करणार?

आता हा चौरस पाहा.

०० ११ २२
१२ २० ०१
२१ ०२ १०

पहिल्या आकड्यांचा एक लॅटिन चौरस, दुसऱ्यांचा दुसरा. आणि नऊ जोड्यांपैकी एकही पुन्हा आलेली नाही. आडवी रांग म्हणजे तापमान, उभी रांग म्हणजे वेळ, पहिला आकडा उत्प्रेरक आणि दुसरा आकडा वेग. नऊ घरे, नऊ चाचण्या. कोणत्याही दोन बाबी घ्या, त्यांच्या पातळ्यांची प्रत्येक जोडी नेमकी एकदा तपासली जाते. या बाबी एकमेकींत फार गुंतलेल्या नसतील, तर प्रत्येकीचा स्वतंत्र परिणाम नऊ चाचण्यांतून काढता येतो. (गुंतलेल्या असतील, तर ही काटकसर महागात पडते. कारखान्यांतील प्रशिक्षणवर्गात हा इशारा पुष्कळदा घाईघाईने उरकला जातो.) अशा मांडण्यांचे व्यापक रूप सी. आर. राव यांनी १९४७ साली मांडले. जपानचे गेनिची तागुची १९५४-५५ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत येऊन गेले, आणि पुढे त्यांच्या नावाने ही पद्धत जगभरच्या कारखान्यांत पोहोचली.

वरचा चौरस अंदाजाने भरलेला नाही. रांगांना व स्तंभांना ०, १, २ असे क्रमांक द्या. पहिला आकडा म्हणजे रांग अधिक स्तंभ. दुसरा म्हणजे रांगेची दुप्पट अधिक स्तंभ. बेरीज तीनच्या घड्याळावर करावयाची, म्हणजे दोननंतर पुन्हा शून्य. बस्स, इतकेच. पाच, सात, अकरा अशा कोणत्याही विषम मूळ संख्येसाठी हीच युक्ती चालते.

चारसाठी मात्र ती फसते. चारच्या घड्याळावर दोन दुणे शून्य होतात, आणि एकाच स्तंभात तेच चिन्ह दोनदा येते. येथे अमूर्त बीजगणित मदतीला येते. विसाव्या वर्षी द्वंद्वयुद्धात मारल्या गेलेल्या एव्हारिस्त गाल्वाच्या नावाने ओळखली जाणारी सांत क्षेत्रे म्हणजे मोजक्याच संख्यांची अशी जगे, जिथे शून्य सोडून प्रत्येक संख्येने भागता येते. चार घटकांचे असे क्षेत्र आहे. आठ, नऊ, सोळा यांचेही आहे. पण मूळ संख्या आणि त्यांचे घात यांखेरीज अन्य आकाराचे क्षेत्र असूच शकत नाही. सहाचे नाही आणि दहाचेही नाही.

हे हत्यार कोलकात्याला पोहोचले ते एका निर्वासितामुळे. नात्झी राजवटीने पदावरून दूर केलेले जर्मन ज्यू गणितज्ञ फ्रीड्रिश लेव्ही कलकत्ता विद्यापीठात आले आणि त्यांनी तेथे आधुनिक बीजगणित शिकवले. सांत क्षेत्रे बोस यांना भेटली ती लेव्हींच्या चर्चासत्रांत. १९३८ साली 'सांख्य' या नियतकालिकात बोस यांनी दाखवून दिले की, आकार मूळ संख्येचा घात असेल तर परस्परलंब चौरसांचा संपूर्ण संच रचता येतो, आणि असा संच म्हणजे एका सांत प्रक्षेपी प्रतलाचेच दुसरे रूप होय. १९४२ मध्ये लेव्हींनीच ऑयलरच्या अनुमानाच्या जुन्या 'सिद्धतां'मधील त्रुटी दाखवल्या. म्हणजे दार उघडेच होते. आत जाण्याचे धाडस कोणी करत नव्हते.

श्रीखंडे यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१७ रोजी सागर येथे झाला. नागपूरच्या शासकीय विज्ञान महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली. १९४७ साली ते अमेरिकेस गेले आणि १९५० मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातून, बोस यांच्याच मार्गदर्शनाखाली, डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर नागपूरला परतून त्यांनी अध्यापन केले. १९५८ मध्ये ते पुन्हा चॅपेल हिल येथे बोस यांच्याकडे अभ्यागत म्हणून गेले.

त्याच सुमारास युनिव्हॅक संगणकाच्या कंपनीत काम करणाऱ्या पार्कर यांनी २१ आकाराच्या चौरसांविषयी एक निष्कर्ष काढला. मॅकनीशच्या अंदाजानुसार जास्तीत जास्त दोनच परस्परलंब चौरस मिळावयास हवे होते. पार्करना त्याहून अधिक मिळाले. मॅकनीशचा अंदाज खरा असता, तर ऑयलरचे अनुमान त्यातूनच सिद्ध झाले असते. तो पडल्यावर ऑयलरचा आधारच डळमळला. बोस आणि श्रीखंडे यांनी नेमके हे हेरले.

त्यांनी २२ चा चौरस रचला, आणि तोही किती सुंदर रीतीने! १८५० सालचे कर्कमनचे एक प्रसिद्ध कोडे आहे : १५ विद्यार्थिनी रोज तिघी-तिघींच्या पाच ओळींत फिरावयास जातात, सात दिवसांत कोणत्याही दोघी नेमक्या एकदाच एका ओळीत याव्यात. हे जमते. सात दिवसांच्या मिळून ३५ त्रिकुटे होतात.

आता सात नव्या पाहुण्या आणा, प्रत्येक दिवसासाठी एक. सोमवारची पाहुणी सोमवारच्या पाचही त्रिकुटांत सामील, मंगळवारची मंगळवारच्या. त्रिकुटांच्या चौकडी झाल्या. शेवटी सातही पाहुण्यांचा एक स्वतंत्र गट करा. एकूण २२ जणी, आणि त्यांतील कोणत्याही दोघी नेमक्या एकाच गटात. मोजून पाहा : ३५ चौकड्यांत प्रत्येकी ६ जोड्या, म्हणजे २१०, सातच्या गटात २१, एकूण २३१. बावीस जणींच्या जोड्याही २३१ च होतात.

चारचे आणि सातचे परस्परलंब चौरस बीजगणिताने मिळतातच. मग २२×२२ च्या पटातील कोणतेही घर घ्या. त्याची रांग एका मुलीची, स्तंभ दुसरीचा. त्या दोघी ज्या एकमेव गटात आहेत, त्या गटाच्या लहान चौरसातील नोंद त्या घरात लिहा. कर्णावर ज्या त्या मुलीचे नाव. लहान चौरसांची निवड थोडी काळजीपूर्वक केली की दोन मोठे परस्परलंब चौरस तयार होतात. बावीसचे सांत क्षेत्र नाही, हे खरेच. पण चारचे आणि सातचे आहे, आणि ते दोन्ही जोडणारा आराखडाही आहे. क्षेत्र नाही म्हणून चौरसही नाही, ही समजूत इतकी वर्षे उगाचच धरून बसलेली होती.

बोस आणि श्रीखंडे यांच्याकडून ही वार्ता समजताच पार्कर यांनी दहाचा जोड शोधला. सातच्या घड्याळावर फिरणारी सात चिन्हे आणि बाहेर स्थिर उभी असलेली तीन. त्या तिघांचा छोटा ३×३ चौरस एका कोपऱ्यात. याआधी लॉस एंजेलिसच्या एका संगणकाने शंभराहून अधिक तास दहाचा जोड शोधूनही हाती काही लागले नव्हते. जे यंत्राच्या चिकाटीला सापडले नाही, ते रचनेच्या कल्पनेला सापडले. १९६० मध्ये तिघांनी मिळून शेवटचा घाव घातला : २ आणि ६ वगळता प्रत्येक आकारासाठी असा जोड अस्तित्वात आहे. ऑयलरचे अनुमान दोनच संख्यांपुरते खरे होते. उरलेल्या अनंत ठिकाणी खोटे.

त्याच १९५९ साली श्रीखंडे यांनी १६ बिंदूंचा, प्रत्येक बिंदूपासून सहा रेषा निघणारा एक आलेख प्रसिद्ध केला. आलेखशास्त्राच्या पुस्तकांत तो त्यांच्याच नावाने आढळतो.

सांत क्षेत्रांची वाट बोस यांनी येथे सोडली नाही. १९६० मध्ये द्विजेंद्र राय-चौधरी यांच्यासह त्यांनी चुका दुरुस्त करणारे संकेत रचले. फ्रान्सच्या ओकांगेम यांनी ते स्वतंत्रपणे आदल्या वर्षी शोधले होते. आज उल्हासनगरच्या जीन्सच्या बाजारात दुकानाबाहेर चिकटवलेला क्यूआर कोड मळका असला तरी पैसे बरोबर पोहोचतात. त्या चौकोनाच्या मांडणीची माहिती १५ खुणांत लिहिलेली असते. त्यांतील पाचच मूळ माहितीच्या, दहा पहारेकरी. तीन खुणांपर्यंतची चूक दुरुस्त होते, आणि हा संकेत याच कुळातला. बाकीची माहिती २५६ घटकांच्या सांत क्षेत्रावर उभी असते.

१९६३ साली श्रीखंडे बनारसहून मुंबई विद्यापीठात आले आणि १९७८ पर्यंत तेथे राहिले. गणितातील प्रगत अध्ययन केंद्राचे ते पहिले संचालक. याच काळात, १९६५ मध्ये, उल्हासनगरात चांदीबाई महाविद्यालय सुरू झाले आणि फाळणीच्या निर्वासितांची मुले मुंबई विद्यापीठाच्या पदव्यांसाठी गावातच शिकू लागली. नवीन सिंघी, वसंती भट-नायक, शरद साने ही चयनशास्त्रातील नावे मुंबईच्या त्याच परंपरेतून पुढे आली. भारतात या विषयाची शाळा उभी राहण्यात श्रीखंडे यांचा वाटा चौरसांच्या शोधाहून कमी मानता येणार नाही. २१ एप्रिल २०२० रोजी, वयाच्या १०२ व्या वर्षी, विजयवाडा येथे त्यांचे निधन झाले.

मूळचे ३६ अधिकारी मात्र अद्याप निवृत्त झालेले नाहीत. २०२२ मध्ये मद्रास आयआयटीतील सुहेल अहमद राथर व अरुल लक्ष्मीनारायण आणि त्यांच्या पोलिश सहकाऱ्यांनी दाखवले की, अधिकारी क्वांटम असतील, म्हणजे एकाच वेळी अनेक पलटणी-हुद्द्यांच्या मिश्र अवस्थेत राहू शकत असतील, तर ६×६ चा चौरसही भरता येतो. तारीने बंद केलेले दार भलत्याच बाजूने उघडले.

आणि दहाचे काय? १९८९ मध्ये क्लेमेंट लॅम व सहकाऱ्यांनी महासंगणकाच्या साहाय्याने दहाचे प्रक्षेपी प्रतल नसल्याचे दाखवले. म्हणजे दहा आकाराचे नऊ परस्परलंब चौरस असूच शकत नाहीत. दोन असतात, हे पार्कर यांच्यामुळे ठाऊक आहे. तीन असतात का, याचे उत्तर जगात अजून कोणालाही सापडलेले नाही.