निषिद्ध नाती आणि रंगमंचावरचे अंतर

गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' हे नाटक किर्लोस्कर नाटक मंडळीने १८९९ साली रंगभूमीवर आणले. जरठ-बालाविवाहाविरुद्धचे नाटक अशी त्याची ख्याती आहे आणि ती यथार्थ आहे. मात्र नाटकातले ते लग्न नेमके कशाने मोडते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. भुजंगनाथाचे वय, कांचनभटाची द्रव्यलालसा, शारदेचा आकांत, कोदंडाचा सुधारकी आवेश यांपैकी एकाही गोष्टीने लग्न थांबत नाही. थांबते ते वधूवर सगोत्र असल्याचे उघडकीस येते म्हणून. साठी उलटलेल्या माणसाने नातीच्या वयाच्या मुलीशी लग्न लावणे हे शास्त्राला चालत होते. सगोत्र विवाह मात्र चालत नव्हता. म्हणजे माणुसकीला अमान्य असलेल्या नात्यातून मुलीला सोडवण्यासाठी देवलांना शास्त्राला अमान्य असलेल्या नात्याचा आधार घ्यावा लागला. पुढे शारदा आणि कोदंड यांच्या विवाहाला शंकराचार्यांची संमतीही नाटकातच मिळवावी लागते. (जाता जाता एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९२९च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला 'सारडा कायदा' म्हणतात ते हरबिलास सारडा यांच्या नावावरून. त्याचा आपल्या शारदेशी संबंध जोडणारी उत्तरे मी परीक्षक म्हणून कितीतरी वर्षे तपासली आहेत.)

मराठी नाटकाने निषिद्ध नाती कशी हाताळली याचा इतिहास बहुधा वाढत्या धैर्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रथम भित्री पावले, मग सुधारणावाद, मग तेंडुलकर आणि स्फोट, असा त्याचा ठरलेला क्रम. हा क्रम खोटा नाही, पण त्यातून फारसे हाती लागत नाही. मला तो अंतराचा इतिहास वाटतो. निषिद्ध नाते प्रेक्षकापासून किती दूर ठेवायचे, पुराणात, गतकाळात की शेजारच्या खोलीत, हा प्रत्येक पिढीच्या नाटककारापुढचा खरा प्रश्न होता, आणि ज्यांचे धैर्य आपण वाखाणतो त्यांनाही तो सुटलेला नव्हता.

पुराणाचे अंतर सर्वांत सोयीचे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत सौभद्र'मध्ये (१८८२) अर्जुन संन्याशाच्या वेषात बलरामाच्या घरी राहतो आणि वडील भावाने दुसरीकडे ठरवलेल्या मुलीला पळवून नेतो. हे नाटक मराठी घरांनी सहकुटुंब पाहिले आणि त्यातली पदे लेकीसुनांनी पाठ केली. त्याच घरातल्या लेकीने असा बेत केला असता तर काय झाले असते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. कृष्ण मध्यस्थ होता, काळ द्वापाराचा होता. एवढे अंतर असले की सारे चालते. या अंतराचा राजकीय उपयोग कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 'कीचकवध'मध्ये (१९०७) केला. द्रौपदीवर वासनेने हात टाकणाऱ्या कीचकाच्या मागे कोण उभे आहे हे प्रेक्षकांनी ओळखले तसे सरकारनेही ओळखले आणि १९१०मध्ये नाटकावर बंदी आली. १८७६च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्यात प्रेक्षकांची नीती बिघडवणाऱ्या प्रयोगांचाही समावेश होता. पण परकीय सरकारची खरी नजर राजद्रोहावर होती. घरातली नीती सांभाळण्याचे काम प्रेक्षक स्वतःच चोख करीत होते.

स्त्रीभूमिका पुरुष करीत होते हेही एक अंतरच होते. नायकाने नायिकेचा हात धरला तरी तो पुरुषाने पुरुषाचा धरलेला हात असे. त्यामुळे एका बाजूने सोवळे टिकत होते आणि दुसऱ्या बाजूने बालगंधर्वांच्या रूपावर पुरुषप्रेक्षक उघडपणे लुब्ध होऊ शकत होते. त्या लुब्ध होण्याला कोणी नाव देत नव्हते. १९३३मध्ये 'नाट्यमन्वंतर'ने श्री. वि. वर्तकांचे 'आंधळ्यांची शाळा' सादर केले. मूळ नाटक नॉर्वेच्या ब्यर्नसनचे. लग्नापूर्वीच्या शुद्धतेची अट स्त्रीला असेल तर ती पुरुषालाही का नको, हा त्यातला प्रश्न. तो विचारणारी पात्रे प्रत्यक्ष स्त्रियांनी रंगवली हे मला प्रश्नाइतकेच महत्त्वाचे वाटते. पुरुषाच्या तोंडी तोच प्रश्न वादविवादाचा विषय ठरला असता. स्त्रीने विचारला की तो तक्रार होतो.

यानंतर जवळजवळ तीन दशके व्यावसायिक रंगभूमीने कौटुंबिक नाटकाचा सुरक्षित दिवाणखाना सजवला. त्याविषयी इथे थांबण्याचे कारण नाही.

विजय तेंडुलकरांनी हा दिवाणखाना मोडला नाही, तोच वापरला. 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) हे अंतर पुसण्याचे पहिले मोठे उदाहरण. अरविंद देशपांडे यांचे दिग्दर्शन आणि सुलभा देशपांडे यांची लीला बेणारे. आरंभी सारा खेळ आहे. एक हौशी नाट्यसंस्था वेळ घालवायला खोटा खटला उभा करते आणि बेणारेबाईंवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवते. पाहता पाहता खेळ खरा होतो. तिचे कोवळ्या वयातले सख्ख्या मामाशी असलेले नाते आणि विवाहित प्राध्यापक दामल्यांपासून राहिलेला गर्भ दोन्ही चव्हाट्यावर येतात. मामा आणि दामले हे दोघेही रंगमंचावर कधीच येत नाहीत. निषिद्ध नात्यातला पुरुष गैरहजर आणि स्त्री आरोपीच्या पिंजऱ्यात, हीच नाटकाची सर्वांत बोलकी रचना आहे. भ्रूणहत्येचा आरोप ठेवणारे न्यायालय शेवटी निकाल देते तो पोटातला गर्भ नष्ट करण्याचा. या ठिकाणी काळाचे भान ठेवले पाहिजे. वैद्यकीय गर्भपाताला मर्यादित मुभा देणारा कायदा १९७१मध्ये झाला आणि १ एप्रिल १९७२ रोजी अमलात आला. १९६७मध्ये स्त्रीचा जीव वाचवण्याचा अपवाद सोडला तर गर्भपात दंडविधानाच्या ३१२व्या कलमाखाली गुन्हा होता. म्हणजे नीतीच्या नावाने बसलेले ते मध्यमवर्गीय न्यायासन एका स्त्रीला गुन्हा करण्याची शिक्षा सुनावत होते. विद्यार्थ्यांना हे नाटक शिकवताना मी नेहमी या तारखांपासून सुरुवात करीत आलो.

निकालापूर्वी बेणारेला काही क्षणांची मुदत मिळते आणि ती आपले प्रदीर्घ स्वगत बोलते. ते बोलत असताना बाकीची पात्रे निश्चल असतात. त्यांच्या कानांवर त्यातला शब्दही पडत नाही. तिचे म्हणणे ऐकतो तो प्रेक्षक. हे अंतर मात्र तेंडुलकरांनी राखले आणि ते राखण्यात त्यांचा निर्दय प्रामाणिकपणा आहे. ज्यांनी ऐकायला हवे होते त्यांनी ते ऐकले, असे खोटे समाधान त्यांनी दिले नाही.

'गिधाडे' श्रीराम लागू यांनी १९७०मध्ये रंगभूमीवर आणले. त्यात बाप, मुलगे आणि मुलगी, म्हणजे समाजाने मान्य केलेली सारी रक्ताची नाती, एकमेकांचे लचके तोडतात. कोवळीक आहे ती एकाच नात्यात: थोरली सून रमा आणि सासऱ्याचा अनौरस मुलगा रजनीनाथ यांच्या नात्यात. तेच नाते निषिद्ध आहे. मला हे नाटक तेंडुलकरांचे सर्वांत धाडसी वाटते ते त्यातल्या शिव्यांमुळे वा हिंसेमुळे नव्हे, तर या उलट्या मांडणीमुळे. परंतु आक्षेप आला तो भलत्याच ठिकाणी. भावांच्या लाथांनी माणिकचा गर्भ पडतो. तिच्या पातळावरचा रक्ताचा लाल डाग परिनिरीक्षण मंडळाला नको होता. लागूंनी डाग निळा केला आणि निळा डाग लाल समजावा अशी सूचना प्रयोगापूर्वी प्रेक्षकांना देण्यात आली. मराठी नाट्यपरीक्षणाच्या इतिहासात इतका सरळ विनोद दुसरा नसेल. दीर-भावजयीचे नाते, बापाला केलेली मारहाण यांतून वाट काढीत मंडळाची दृष्टी येऊन स्थिरावली ती एका रंगावर. निषिद्ध गोष्ट मनात राहिली तर चालते. कापडावर दिसता कामा नये.

'सखाराम बाइंडर'ची (१९७२) कथा अधिक परिचित आहे. कमलाकर सारंग यांचे दिग्दर्शन. निळू फुले सखाराम, लालन सारंग चंपा. मंडळाने प्रयोग रोखले, सारंग उच्च न्यायालयात गेले आणि निकाल नाटकाच्या बाजूने लागला. त्या लढ्याची हकीकत त्यांनी 'बाइंडरचे दिवस'मध्ये सांगितली आहे. गदारोळात एक गोष्ट बाजूला पडली. सखाराम टाकलेल्या बायका घरात आणतो, लग्न करीत नाही, अटी आधीच सांगतो. दाऊदला गणपतीच्या आरतीत सामील होऊ न देणाऱ्या लक्ष्मीला तो मारतो. म्हणजे लग्न आणि धर्म या दोन्हींच्या बाहेरचे घर त्याने मांडले आहे, अर्थात आपल्या हुकमतीखाली. पण त्या घरातही लक्ष्मी मनोमन त्याची लग्नाची बायको होऊन राहते आणि परत आल्यावर चंपा व दाऊद यांच्या संबंधाची खबर तीच त्याला देते. सखाराम चंपाचा गळा दाबतो. प्रेत पुरण्यासाठी खणायला लक्ष्मी पुढे होते. विवाहसंस्था उंबऱ्याबाहेर ठेवली तरी ती चोरपावलांनी आत येऊन बसते, हे या नाटकाचे निरीक्षण अश्लीलतेच्या चर्चेपेक्षा कितीतरी अस्वस्थ करणारे आहे.

त्याच दशकात महेश एलकुंचवारांच्या 'वासनाकांड'ने भाऊ आणि बहीण यांच्या शरीरसंबंधाचा विषय घेतला. अमोल पालेकरांनी ते नाटक उभे केले तेव्हा मंडळाशी संघर्ष अटळच होता. नाटकांच्या संहिता आधी तपासून घेण्याच्या सक्तीविरुद्ध पुढे २०१६मध्ये उच्च न्यायालयात याचिका दाखल करणारेही पालेकरच.

आणि मग 'मित्राची गोष्ट' (१९८१). विनय आपटे यांचे दिग्दर्शन, रोहिणी हट्टंगडी यांची मित्रा. स्त्रीचे स्त्रीवरील प्रेम हा विषय मराठी रंगमंचावर इतक्या स्पष्टपणे पूर्वी आलेला नव्हता. पण ज्या तेंडुलकरांनी अंतर पुसत आणले होते त्यांनीच इथे ते परत घेतले. कथा स्वातंत्र्यपूर्व काळातली; सांगणारा बापू, एक सरळमार्गी पुरुष. मित्राचे मन आपल्याला त्याच्या आकलनाच्या मापाने मिळते आणि ती अखेरीस आत्महत्या करते. या काळाच्या निवडीला काही समीक्षक दुबळेपणा म्हणतील. मला तसे वाटत नाही. तथापि मित्राला स्वतःची गोष्ट स्वतः सांगता आली नाही, ही उणीव मात्र काळाच्या पडद्याने झाकली जात नाही. याच्या दोनच वर्षे आधी सतीश आळेकरांच्या 'बेगम बर्वे'ने (१९७९) याच प्रदेशात निराळ्या वाटेने प्रवेश केला होता. स्त्रीपार्टीच्या दुनियेत रमलेला, उदबत्त्या विकणारा बर्वे एका कारकुनाच्या स्वप्नातली वधू होतो, त्याला डोहाळेही लागतात. नाट्यसंगीताच्या ओळखीच्या सुरांवर हे सारे इतके सहज वाहत येते की प्रेक्षक हसतो आणि नंतर दचकतो. बालगंधर्वयुगाने ज्याला नाव दिले नव्हते त्याला आळेकरांनी जागा दिली.

माझे वास्तव्य आता बेंगळुरूच्या व्हाइटफील्डमध्ये असते. इथल्या मराठी घरांतली तरुण मुले निषिद्ध नात्यांच्या कथा पाहतात त्या जपानी ॲनिमे मालिकांत, आणि मराठीत असे काही आहे का, असे मला विचारतात. प्रश्न मला उद्बोधक वाटतो, कारण जपानी परंपरेतही हाच अंतराचा पेच आहे. चिकामात्सुने १७०३मध्ये ओसाकातल्या एका दुकानातील नोकर आणि गणिका यांच्या खऱ्या सहमरणावर, घटना ताजी असतानाच, बाहुल्यांचे नाटक लिहिले. अशा नाटकांची लाट आली आणि १७२३मध्ये शोगुनशाहीने त्यांवर बंदी घातली. पुढे रियोको इकेदा यांनी १९७२मध्ये, म्हणजे आपल्या 'बाइंडर'च्याच वर्षी, 'व्हर्सायचा गुलाब' ही चित्रकथा सुरू केली. तिची नायिका पुरुषवेषात वाढलेली सेनाधिकारी आहे आणि स्थळ राज्यक्रांतीचे फ्रान्स. १९७४मध्ये ताकाराझुका या केवळ स्त्रियांच्या नाट्यसंस्थेने ती रंगमंचावर आणली, १९७९मध्ये ॲनिमे मालिका आली. ताज्या घटनेवरून बंदी ओढवलेल्या परंपरेने पुढे दूरचा देश आणि दूरचा काळ निवडला, आणि त्या अंतराआड नाजूक गोष्टी बोलून घेतल्या. या मुलांना मी 'बेगम बर्वे' वाचायला देतो. त्यांना ते 'बाइंडर'पेक्षा लवकर कळते.

जवळिकीची वाट मराठीत पुढे चालू राहिली ती प्रशांत दळवींच्या 'चारचौघी'त (१९९१), चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली. विवाहित पुरुषाशी लग्नाविना संसार केलेली आई आणि तिच्या तीन मुली. धाकटी विनी दोन पुरुषांवर प्रेम करते आणि दोघांनाही सोडू इच्छित नाही. या नाटकात निषिद्ध नात्यापायी कोणी मरत नाही, हा त्याचा इतिहासातला पहिला विशेष. दुसरा विशेष विद्येचा टेलिफोनवरचा प्रवेश. नवऱ्याच्या परस्त्रीसंबंधानंतर घर सोडून आलेली विद्या त्याच्याशी फोनवर दीर्घकाळ बोलते. बेणारेप्रमाणेच रंगमंचावर एकट्या स्त्रीचे ते लांबलचक बोलणे आहे. बेणारेच्या दामल्यांप्रमाणे पुरुष इथेही अदृश्य आहे. परंतु तो तारेच्या दुसऱ्या टोकाला आहे, त्याला सारे ऐकावे लागते, आणि त्याची उत्तरे आपण विद्येच्या गप्प राहण्यातून ओळखतो. २०२२मध्ये हे नाटक नव्या संचात पुन्हा आले. विद्या मुक्ता बर्वे होत्या. आणि आईच्या भूमिकेत, एकेचाळीस वर्षांपूर्वी मित्रा झालेल्या रोहिणी हट्टंगडी.