मार्सियानोचे वयस्क प्रतिस्पर्धी : योजना की योगायोग?

रॉकी मार्सियानो ह्याने २७ एप्रिल १९५६ रोजी मुष्टियुद्धातून निवृत्ती जाहीर केली, तेव्हा त्याच्या ४९ व्यावसायिक लढतींत एकही पराभव नव्हता. त्यांपैकी ४३ त्याने ठरलेल्या फेऱ्या पूर्ण होण्याआधीच संपविल्या होत्या. हेवीवेट गटाच्या इतिहासातील ह्या विक्रमावर एक आक्षेप मात्र सातत्याने घेतला जातो. त्याने ज्यांना नमविले त्यांतील नामांकित योद्धे उताराला लागलेले होते : ज्यो लुई ३७ वर्षांचा, जर्सी ज्यो वॉल्कट ३८ वर्षांचा, आणि आर्ची मूर जन्मवर्ष १९१६ धरल्यास ३८ वर्षांचा, १९१३ धरल्यास ४१ वर्षांचा. आक्षेपाचे सौम्य रूप हे सारे दैवाच्या खाती टाकते. कठोर रूप असे की, हे योद्धे थकेपर्यंत मार्सियानोच्या बाजूने बुद्ध्याच वाट पाहिली गेली. हे दुसरे विधान हेतूविषयीचे आहे, आणि हेतू सिद्ध करण्यास वयांचा तक्ता पुरा पडत नाही.

लढती ठरवीत होते कोण, हे प्रथम पाहिले पाहिजे. मार्सियानोचा कारभार अल वाइल ह्याच्या हाती होता. १९४९ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बॉक्सिंग क्लबमध्ये लढती जुळविण्याचे काम हाच वाइल करीत असे, आणि त्या काळात कागदोपत्री व्यवस्थापक म्हणून त्याच्या सावत्र मुलाचे नाव होते. म्हणजे मल्लाचा पालक आणि आखाड्याचा मालक ह्यांतील अंतर नाममात्रच राहिले होते. ह्या संस्थेने अजिंक्यपदाच्या लढतींवर मिळविलेला ताबा मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारा आहे, ह्या निर्णयावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९५९ मध्ये शिक्कामोर्तब केले. तेव्हा योजना करण्याची शक्ती होती, ह्यात शंका नाही. प्रश्न तिच्या वापराचा आहे.

२६ ऑक्टोबर १९५१ ची लुईविरुद्धची लढत आक्षेपकांना सर्वांत सोयीची वाटते. पण लुई त्या रात्री रिंगणात उतरला तो प्राप्तिकराच्या प्रचंड थकबाकीमुळे. १९४९ साली निवृत्त झालेला हा योद्धा पुढल्याच वर्षी परतला होता, एझर्ड चार्ल्सकडून हरला होता, आणि नंतर ओळीने आठ लढती जिंकून पुन्हा अजिंक्यपदाच्या वाटेवर होता. पैजांचा कलही लुईकडेच होता. मार्सियानोने त्याआधी तीन महिने रेक्स लेन ह्याला गारद केले होते. लेन अवघ्या २३ वर्षांचा होता आणि त्याने १९५० मध्ये वॉल्कटला हरविले होते. केवळ वृद्धांच्या शोधात असलेल्या व्यवस्थापकाने हा क्रम पत्करला नसता.

वॉल्कटच्या बाबतीत तर निवडीला वावच नव्हता, कारण अजिंक्यपद त्याच्याकडे होते. १९३० पासून व्यावसायिक लढती खेळणाऱ्या ह्या मनुष्याला ते जुलै १९५१ मध्ये, पाचव्या प्रयत्नात, वयाच्या ३७ व्या वर्षी लाभले. २३ सप्टेंबर १९५२ रोजी फिलाडेल्फिया येथे त्याने पहिल्याच फेरीत मार्सियानोला जमिनीवर आणले. तेराव्या फेरीतील निर्णायक ठोशापूर्वी तिन्ही परीक्षकांच्या गुणपत्रिकांवर तोच पुढे होता. दुबळा झाला म्हणून हेरलेल्या प्रतिस्पर्ध्याचे हे चित्र नव्हे.

ह्या पिढीचे वार्धक्य कोठून आले, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. महायुद्धामुळे हेवीवेट अजिंक्यपद मार्च १९४२ पासून जून १९४६ पर्यंत पणाला लागलेच नाही. दुसरे कारण वर्णभेदाचे. जॅक जॉन्सन १९१५ मध्ये हरल्यापासून १९३७ साली लुई विजेता होईपर्यंत कोणाही कृष्णवर्णीयाला ह्या पदाजवळ फिरकू दिले गेले नाही, आणि खालच्या गटांतही त्यांची वाट अडविलेलीच असे. लाइट-हेवीवेट गटात चार्ल्सने मूरला तीनदा हरविले, तरी त्या गटाच्या अजिंक्यपदासाठी त्याला एकही संधी मिळाली नाही. मूर १९३० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून झुंजत होता. त्याला ती डिसेंबर १९५२ मध्ये मिळाली. १९५४ मध्ये मार्सियानोसमोर आलेला चार्ल्स वयाने अवघी ३२ वर्षे, पण अंगावर नव्वदहून अधिक लढती घेऊन आला होता. ह्या माणसांची उमेदीची वर्षे दाराबाहेर गेली. दार उघडले तेव्हा आत मार्सियानो उभा होता. त्यांच्या विलंबाचा जाब मार्सियानोला विचारणे म्हणजे ज्यांनी खरोखर विलंब केला त्यांना मोकळे सोडणे होय.

आक्षेपकांच्या बाजूने एक गोष्ट तरीही उरते. क्यूबाचा नीनो वाल्देस मार्सियानोहून सुमारे वर्षाने लहान होता. ऑगस्ट १९५३ मध्ये त्याने चार्ल्सला हरविले, पण पुढल्या वर्षी अजिंक्यपदाच्या दोन लढती मिळाल्या त्या चार्ल्सलाच. मे १९५५ मधली इंग्लंडच्या डॉन कॉकेलला मिळाली. येथे टाळाटाळीचा संशय रास्त आहे. मात्र टाळला गेला तो तरुण कॉकेलसाठीही, आणि त्याच मे महिन्यात वाल्देसला हरविले ते मूरने. पुढे मूरने वृत्तपत्रांतून उघड मोहीम चालवून मार्सियानोला आव्हान दिले आणि सप्टेंबरमधील त्या लढतीत दुसऱ्या फेरीत त्याला खाली पाडलेही. पाठलाग येथे वयस्काने केला होता.

सहा वेळा पद राखताना मार्सियानोने दोनदा आपल्याहून लहान प्रतिस्पर्ध्यांना तोंड दिले : २६ वर्षांचा रोलंड लास्टार्झा आणि तितक्याच वयाचा कॉकेल. जाणीवपूर्वक साधलेली वेळ शोधायचीच असेल, तर ती लढतींपेक्षा निवृत्तीत अधिक दिसते. ३२ व्या वर्षी पद सोडताना त्याने कुटुंबाचे कारण सांगितले. वाइलशी पैशांवरून आलेले वितुष्टही त्यामागे होते. रिकाम्या पदासाठी ३० नोव्हेंबर १९५६ रोजी शिकागोत मूर पुन्हा उभा राहिला आणि पाचव्या फेरीत गारद झाला. त्याला पाडणारा फ्लॉइड पॅटरसन २१ वर्षांचा होता.