पोक आणि कुबड

मराठीत वाकलेल्या पाठीला दोन शब्द आहेत : पोक आणि कुबड. पोक काढून बसलेल्या नातवाला आजी पाठीवर चापट मारून सरळ बसवते. कुबड मात्र चापटीने जात नाही. वैद्यकही हाच भेद मानते. स्नायूंच्या सवयीने आलेला बाक व्यायामाने सुधारतो. मणक्यांचा आकारच बिघडला असेल, तर डॉक्टरांकडेच गेले पाहिजे. कण्याच्या विकाराने येणारे कुबड आणि पायांचा लुळेपणा यांचे नाते इंग्लंडमधील शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ साली दाखविले. तो विकार क्षयाचा. तेथे दंडबैठका चालत नाहीत, औषधच हवे.

मी पालघरचा. आमच्या बोईसर-तारापूर पट्ट्यात पोक हे आळसाचे लक्षण नव्हे, कष्टाचे आहे. पावसात भातलावणीला उतरलेली बाई दिवसभर कमरेत वाकलेली असते. चिंचणी-तारापूरकडे सोन्याचांदीच्या दागिन्यांचे डाय घरोघर घडविले जातात. पोलादी ठोकळ्यावर बारीक नक्षी कोरायची, म्हणजे मान खाली आणि खांदे पुढे. असे वर्षानुवर्षे बसले की छातीचे स्नायू आखडतात, पाठीच्या फऱ्यांमधले सैल व दुबळे होतात, आणि पाठ आपण होऊन सरळ होईनाशी होते. नवी मुंबईत खपणारी बांगडी सुबक दिसते. तिच्यामागची वाकलेली मान कोणाला दिसत नाही.

पाठ सरळ करण्याचा इतिहास मात्र मोठा आहे. स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ साली स्टॉकहोमला व्यायामाची मध्यवर्ती संस्था काढली आणि व्यायाम हाही उपचार होऊ शकतो, हा विचार युरोपात रुजविला. आपल्याकडे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः नित्य सूर्यनमस्कार घालीत आणि संस्थानच्या शाळांतून मुलामुलींकडूनही ते घालून घेत. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले. आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे त्यांनी श्रद्धेवर न सोडता क्ष-किरणांनी व यंत्रांनी तपासले. पाठीला मागे वळण देणारी भुजंगासन, शलभासन ही आसने पुढे घरोघर माहीत झाली. १९५३ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात भौतिकोपचाराची शाळा निघाली, आणि व्यायाम शिकविणे हा रुग्णालयातला रीतसर व्यवसाय झाला.

या सर्व थोर प्रयत्नांत एक गोष्ट मला खटकते. औंधचा विद्यार्थी असो की लोणावळ्याचा साधक, त्याला व्यायामासाठी वेळ राखून ठेवलेला होता. ज्याची पाठ पोटासाठी वाकते त्याला तो कोण देणार? तारापूरला १९६९ साली अणुवीज निर्माण होऊ लागली, बोईसरला कारखाने उभे राहिले, २०१४ साली पालघर जिल्हाही झाला. आता कचेरीतला कारकून संगणकापुढे आणि त्याचा मुलगा मोबाईलपुढे पोक काढून बसतो. डाय कोरणारा तर पूर्वीपासूनच बसला आहे.

उपाय खर्चिक नाहीत. काम डोळ्यांकडे वर आणावे, डोळे कामाकडे खाली नेऊ नयेत. ठोकळ्याखाली उंच घडवंची घेतली तरी मानेचा भार हलका होतो. अर्ध्या तासाने उठावे, हात मागे नेऊन छाती उघडावी. रोज भिंतीला पाठ लावून उभे राहावे, पालथे पडून छाती सावकाश उचलावी. फळ दिसायला आठवडे नव्हे, महिने लागतात. वृद्धांनी, आणि ज्यांना पाठीत कळा येतात किंवा पायांना मुंग्या येतात त्यांनी, आधी डॉक्टरांना दाखवावे.

आणि वाचकहो, हा अंक हाती पडेल तेव्हा तुमच्या स्वयंपाकघरात कोणी तरी चार दिवस चकल्या पाडून, करंज्या मुरडून पाठ धरून बसली असेल. तिला व्यायाम सांगण्याआधी सोऱ्या आपल्या हाती घ्यावा. तेवढ्यात तिला पाठ टेकता येईल.