नीळ

पर्युषणासाठी सासऱ्यांचं पूजेचं धोतर नीळ घालून वाळत टाकत होते, तेवढ्यात लेकीनं विचारलं, "आई, ही नीळ झाडाची ना?" बाटलीतली नाही गं. पण झाडाची नीळ होती खरी. तुरीच्या कुळातलं, गुलाबी फुलांचं कमरेएवढं झुडूप. फुलं गुलाबी, पानं हिरवी, निळं काहीच दिसत नाही! पाला हौदात भिजवून आंबवायचा, मग ते पाणी तासन्‌तास घुसळायचं. हवा लागली की निळा गाळ तळाशी बसतो. तो उकळून, दाबून त्याच्या वड्या पाडायच्या.

श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य येतं. हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात योगशास्त्रात त्यातच लाखेबरोबर नीळही धरली. सडत्या पाल्यात किती जीव जातात, असं आजी सांगायची. गंमत म्हणजे आचार्यांच्याच गुजरातेत, अहमदाबादजवळच्या सरखेजची नीळ पुढे सतराव्या शतकात इंग्रज-डच कंपन्या जहाजं भरून नेत होत्या.

माणसांचे हाल मात्र बंगाल-बिहारात झाले. गोरे मळेवाले आगाऊ पैसे देऊन शेतकऱ्याला अडकवत. 1859 मध्ये बंगालचे शेतकरी उठले. चंपारणात तीनकठिया होती, म्हणजे वीस कठ्ठ्यांच्या बिघ्यात तीन कठ्ठे नीळ लावायचीच. 1897 मध्ये जर्मनीतून कारखान्यातली नीळ बाजारात आली नि भाव कोसळले. मग तरी सुटावा ना शेतकरी? छे! नीळ लावायची सक्ती उठवायची, तर वाढीव खंड द्या नाहीतर रोख भरपाई, असं मळेवाल्यांनी सुरू केलं. नीळ गेली, पण जाच राहिला.

1917 मध्ये गांधीजी तिथे गेले, हे शाळेत शिकलोच. पण मुंबईच्या अवंतिकाबाई गोखले आणि पुण्याच्या आनंदीबाई वैशंपायनही गेल्या होत्या, हे मला आत्ता आत्ता कळलं. तिकडची भाषा धड येत नसताना खेड्यात शाळा चालवायची! अक्षरांपेक्षा आधी स्वच्छता शिकवा, असं गांधीजींनी त्यांना सांगितलं होतं. पुढच्याच वर्षी कायद्यानं तीनकठिया गेली आणि त्याच वर्षी अवंतिकाबाईंनी मराठीत गांधीजींचं चरित्र लिहिलं.

लेकीनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं, "आणि माझ्या जीन्सचा निळा?" तो कारखान्यातलाच.