गोळी, सिरप, एमडी: नशा शरीरात काय करते आणि अचानक बंद केली तर काय होतं

रमजान जवळ आला की मोहल्ल्यातली बरीच मुलं नशा सोडायचं ठरवतात. तौबा करतात, मस्जिदीत दिसू लागतात, अम्मी-अब्बांना हायसं वाटतं. इरादा नेक आहे, त्यात शंका नाही. पण मुलगा नेमकं काय घेत होता, हे घरच्यांनी आधी विचारायला हवं. बहुतेक नशा एकदम सोडल्या तर हाल होतात, पण माणूस त्यातून निभावतो. झोपेच्या-शांततेच्या गोळ्यांचं तसं नाही. त्या एकदम बंद केल्या तर जीवही जाऊ शकतो.

दारूचं नाव काढलं की आपल्या घरांत लगेच हराम आठवतं. गोळी आणि सिरपच्या बाबतीत तेवढी धास्ती नसते. तोंडाला वास येत नाही, वस्तू मेडिकलमधली असते, आणि मुलंही म्हणतात, "दवा आहे, शराब थोडीच आहे?" उलेमांचं म्हणणं यावर स्पष्ट आहे: अक्कल झाकणारी चीज बाटलीत असो की पत्त्यात, हुकूम एकच. डॉक्टरांनी इलाजासाठी दिलेलं औषध वेगळं.

गोळी

मालेगावकडे जिला 'कुत्ता गोली' म्हणतात ती अल्प्राझोलम. घाबरेपणा आणि पॅनिकच्या आजारावरचं हे औषध आहे. नायट्राझेपाम याच कुळातली. आपल्या मेंदूत 'गाबा' नावाचं रसायन असतं, ते गाडीच्या ब्रेकसारखं काम करतं. गोळी हा ब्रेक जोरात दाबते. डोकं शांत होतं, भीती जाते, जीभ जड होते, चाल लडखडते. भीतीबरोबर शरमही जाते, म्हणून एरवी मान खाली घालून वागणारा पोरगा शिवीगाळ करतो, हात उचलतो. दुसऱ्या दिवशी त्याला काही आठवत नाही. तो दरवेळी खोटंच बोलत असतो असं नाही. या गोळीने त्या तासांची आठवण खरोखरच बनत नाही.

काही आठवडे रोज घेतली की मेंदू स्वतःचा ब्रेक सैल करतो, कारण बाहेरून दाब येतोच आहे. मग एका गोळीचं काम तीनवर जातं. अशा वेळी गोळी अचानक थांबली तर गाडी बिनब्रेकची होते. एक-दोन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, छाती धडधडते. काहींना भास होतात, काहींना फिट येते, आणि एकामागून एक फिट येत राहिली तर जीव जातो. मुलाला खोलीत कोंडून "तीन दिवसांत सुधारेल" म्हणणारे मामू-चाचू प्रत्येक खानदानात असतात. या गोळीच्या बाबतीत तो सल्ला ऐकू नका. डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात, त्याला कधी कधी महिने लागतात.

फिट आलीच तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, चप्पल-कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा.

सिरप

खोकल्याच्या काही सिरपमध्ये कोडीन असतं. ते अफूच्या घराण्यातलं आहे. लिव्हरमध्ये त्याचा काही भाग मॉर्फिन होतो, आणि नशा त्याचीच. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, अंग खाजतं, बद्धकोष्ठता होते, भूक मरते. सिरप गोड असल्यामुळे दातही किडतात. जास्त मात्रेत श्वास मंदावतो. सिरपवर गोळी घेतली तर धोका कितीतरी वाढतो, कारण दोन्ही श्वासावरच घाव घालतात. पोरगा विचित्र घोरतोय, ओठ निळे पडलेत आणि हलवून जागा होत नाही, ही गाढ झोप समजू नका. तेव्हाही १०८.

ब्राउन शुगर म्हणजे गर्द, तीही याच घराण्यातली, फक्त फार जोरकस. हे सोडताना अंग मोडून येतं, जुलाब होतात, नाक-डोळे वाहतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास शिगेला पोहोचतो आणि साधारण आठवड्यात ओसरतो. खरा धोका त्यानंतर असतो. महिनाभर बंद ठेवल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. ईदनंतर दोस्तांत बसून जुन्याच मात्रेने घेतलं, तर तीच मात्रा जीवघेणी ठरते.

अल्प्राझोलम आणि कोडीन दोन्ही २०१४ पासून लागू झालेल्या शेड्यूल एच-वनमध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, आणि मेडिकलवाल्याला विक्रीची नोंद ठेवावी लागते. आपल्या गल्लीतला दुकानदार ती ठेवतो का, हे विचारायचा हक्क मोहल्ला कमिटीलाही आहे.

एमडी आणि बाकीचं

एमडी म्हणजे मेफेड्रोन. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते एनडीपीएस कायद्याखाली आलं. त्याचं काम गोळीच्या उलट आहे: ब्रेक नाही, ॲक्सिलरेटर. डोपामिन आणि सेरोटोनिनचा पूर येतो, ठोके आणि ब्लड प्रेशर चढतं, अंग तापतं, जबडा आवळला जातो. असर दोन-तीन तासांत उतरतो म्हणून पुन्हा पुन्हा ओढलं जातं. दोन-दोन रात्री झोप नाही, जेवण नाही, वजन घटतं. मग शक सुरू होतो: कोणीतरी मागे लागलंय, जेवणात काही घातलंय. घरात अनेकदा याला 'असर' समजून आमिलकडे नेलं जातं आणि त्यात आठवडे जातात. दुआ जरूर करा, पण मानसोपचार डॉक्टरांकडेही त्याच दिवशी न्या. उतरल्यावर येणारी उदासी इतकी काळी असते की आत्महत्येचे विचार येतात. त्या दिवसांत त्याला एकटं सोडू नका.

व्हाइटनर आणि सोल्यूशन हुंगणारी मुलं वयाने सर्वांत लहान असतात. त्यातल्या रसायनांनी हृदयाचा ताल बिघडून पहिल्याच वेळीही मृत्यू होऊ शकतो. गांजाला लोक हलकं समजतात, पण कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्यांत वेड लागण्याचा धोका वाढतो.

कुठे जायचं

सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात उपचार मिळतात. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. १४४४६ ही नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे. मनाच्या त्रासासाठी टेलि-मानसचा १४४१६ आहे. पोलिसांच्या भीतीने घरचे थांबतात, म्हणून कायद्याचंही सांगतो. एनडीपीएसच्या कलम ६४-अ प्रमाणे, नशा केल्याचा किंवा अगदी थोडी मात्रा बाळगल्याचा गुन्हा असलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचाराला गेला, तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ती सूट जाऊ शकते.

आणि रोजा? गोळ्या उतरवण्याचं वेळापत्रक सहरी आणि इफ्तारला बसेल का, हे डॉक्टरांना आधीच विचारा. बऱ्याचदा बसतं. नाही बसलं तर बीमाराला कुरआननेच सवलत दिली आहे. इमाम साहेबांशी बोलून ते रोजे नंतर कजा करता येतात.