एक यावल, दोन राज्ये : स्वस्ताई कुठे होती?

१/ एकाच गावाने पन्नास-पंचावन्न वर्षांत चार वेळा धनी बदलला, तर तेथील माणसाचे जगणे किती बदलते? सातपुड्याच्या पायथ्याचे यावल हे या प्रश्नाचे जिवंत उदाहरण आहे. शिंदेशाहीत राहणे परवडत होते की कंपनी सरकारात? 🧵

२/ आधी घटनाक्रम. यावल शिंद्यांच्या मुलखात होते. १७८८ च्या सुमारास ते निंबाळकरांकडे आले. १८२१ मध्ये निंबाळकरांनी ते इंग्रजांच्या स्वाधीन केले. १८३७ मध्ये इंग्रजांनी ते शिंद्यांना परत दिले आणि १८४३ मध्ये पुन्हा घेतले. ज्याने बालपणी निंबाळकरांचा अंमल पाहिला, त्याने म्हातारपणापर्यंत तीन निशाणे पाहिली.

३/ निंबाळकरांच्या काळात यावल दोन वस्तूंसाठी नावाजलेले होते : जाडाभरडा देशी कागद आणि नीळ. दप्तरे, वह्या, हुंड्या सगळ्यांना कागद लागे. म्हणजे गावात शेतीखेरीज हाताला काम देणारा धंदा होता. राहणीमान मोजताना ही बाब पहिली धरावी लागते.

४/ दुसरी बाब सुरक्षिततेची. पेशवाईच्या अखेरच्या काळात दुष्काळ, पेंढारी आणि बेबंद फौजा यांनी खानदेश उजाड झाला होता. डोंगरातील भिल्लांचे हक्क बुडाले, तसे त्यांचे हल्लेही वाढले. १८२५ मध्ये जेम्स औट्रमने भिल्ल पलटण उभी केली. हळूहळू रस्ते निर्धास्त झाले. येथे कंपनी सरकारचे पारडे जड ठरते.

५/ मग धान्य स्वस्त झाले. ही सुखाची गोष्ट वाटेल. पण स्वस्ताई कोणासाठी, हे विचारल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही. १८१८ नंतर मराठी फौजा मोडल्या, दाणागोटा विकत घेणारे मोठे गिऱ्हाईक नाहीसे झाले. भाव पडले. सारा मात्र रोख आणि ठरलेला. तोच सारा भरण्यासाठी कुणब्याला पूर्वीपेक्षा जास्त धान्य विकावे लागे. ताटात स्वस्ताई, सातबाऱ्यापूर्वीच्या त्या जगात डोक्यावर सावकार!

६/ मिठाची कथा आणखी बोलकी आहे. १८३७ मध्ये मुंबई इलाख्यात मिठावर मणामागे आठ आणे कर बसला. १८४४ मध्ये तो एक रुपया होताच सुरतेत दंगल उसळली; अखेर तो बारा आण्यांवर आला. हा कर मिठागरावरच वसूल होई. त्यामुळे कोकण-गुजरातचे मीठ शिंद्यांच्या गावात गेले तरी त्याच्या किमतीत इंग्रजांचा कर असेच. राज्य बदलले तरी मिठाची चव तीच आणि भारही तोच.

७/ १८४३ हे साल ध्यानात ठेवावे. त्याच वर्षी २९ डिसेंबरला महाराजपूर आणि पनियार येथे शिंद्यांच्या फौजेचा पराभव झाला. यावलचा धनी ठरवणारे निर्णय ग्वाल्हेर आणि कलकत्त्याच्या राजकारणात होत होते. यावलच्या रयतेला कोणी विचारले नाही.

८/ पण रयत मुकी नव्हती. १८५२ मध्ये या भागात जमीनमोजणी सुरू झाली. मोजणी म्हणजे सारावाढ, ही धास्ती गावोगाव पसरली. यावल येथे मोठा जमाव मोजणी अधिकाऱ्याच्या तंबूभोवती जमला. मोजणी थांबवा, एवढीच मागणी. सावदा व फैजपूर येथे लोकांनी पंच नेमून कारभार स्वतःच चालवायला घेतला. एरंडोलही पेटले.

९/ सरकारने फौज आणली. एरंडोलात धरपकड झाली. सावदा-फैजपूरवर पाठवली ती भिल्ल पलटण! जी शेतकऱ्यांच्या रक्षणासाठी उभारल्याचे सांगितले जाई, तिनेच पाटील-पुढाऱ्यांना कैद केले. सुरक्षिततेची किंमत त्या दिवशी रयतेला उमगली असेल.

१०/ पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत उत्तर आणि दक्षिणेची राज्ये लढली. तिकडचा कापूस अडला आणि खानदेशी कापसाला सोन्याचे मोल आले. तापीपलीकडे भुसावळला रेल्वे आली. ज्याच्याकडे रान होते तो सावरला. ज्याच्याकडे फक्त हात होते, त्याला महागलेले धान्य विकत घ्यावे लागले. यंत्राच्या कागदापुढे यावलचा कागद आणि पुढे रासायनिक रंगांपुढे देशी नीळ मागे पडली.

११/ मग कोणते राज्य बरे? वाटसरू आणि व्यापारी यांचे उत्तर : इंग्रजांचे. कागद करणाऱ्याचे उत्तर : निंबाळकरांचे. कुणब्याचे उत्तर पीक, भाव आणि सारा या तिघांवर अवलंबून. ‘राहणीमान’ हा एकच आकडा नसतो. तो कोणाच्या घरातून मोजला, यावर ठरतो.

१२/ १८५२ नंतर ८४ वर्षांनी, डिसेंबर १९३६ मध्ये, त्याच फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. तेथे शेतीविषयक कार्यक्रम मंजूर झाला, आणि त्यात साऱ्याचा व कर्जाचा बोजा हलका करण्याची मागणी होती. यावलच्या तंबूभोवती जमलेल्यांची तक्रार अखेर राष्ट्राच्या ठरावात उतरली.