क्रॉसमॅग्लेन रेंजर्स
उत्तर आयर्लंडच्या आर्मा काउंटीतील, सरहद्दीलगतच्या क्रॉसमॅग्लेन या लहान गावाचा गेलिक फुटबॉल संघ. स्थापना १८८७. खेळाडू बिनमानधनी. १९७०च्या दशकात ब्रिटिश लष्कराने मैदानाचा काही भाग शेजारच्या तळासाठी बळकावला; खेळ चालू असताना हेलिकॉप्टरे घिरट्या घालीत. तरीही गावाने खेळ सोडला नाही, हेच या इतिहासाचे मर्म होय. १९९६–२००८ सलग तेरा वेळा काउंटीचे अजिंक्यपद आणि १९९७, १९९९, २०००, २००७, २०११, २०१२ मध्ये अखिल आयर्लंड क्लब अजिंक्यपद संघाने मिळवले. एवढ्याशा गावासाठी ही कामगिरी असामान्यच. पहिल्या तीन अखिल आयर्लंड क्लब विजयांचे मार्गदर्शक जो कर्नन यांच्याच हाताखाली आर्मा काउंटीने २००२ मध्ये प्रथमच अखिल आयर्लंड अजिंक्यपद पटकावले.